दादांच्या डोक्यावरचा हिवाळा

जयपूरची थंडी आधी पुरुषांच्या डोक्यांवर उतरते. आम्हा बायकांचे स्वेटर अजून माळ्यावर असतात, दुपारी पंखाही फिरत असतो, आणि एका सकाळी दूधवाला भैया कानटोपी घालून दारात उभा राहतो. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावरच्या चौकीदाराची माकडटोपी निघते. त्यातून त्याचे दोन डोळे आणि मिशी एवढंच दिसतं, पण रुबाब असा की जणू किल्ल्याचा पहारा त्याच्याकडेच आहे. भाजीवाला मफलर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारतो आणि पुढचे तीन महिने दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. कंपन्यांत जाणारी पोरं विणलेल्या टोप्या घालतात, त्याही कान उघडे ठेवून. थंडी वाजते ती कानांना आणि टोपी बसते कानांच्या वर. असं का, विचारलं की "फॅशन है, आंटी" म्हणतात. फॅशनपुढे सर्दीचं काय चालणार!

गेल्या रविवारी दूधवाल्याची कानटोपी दिसली आणि मी माळ्यावरची निळी सूटकेस खाली ओढली. खातीपुऱ्यात आमचं भाड्याचं घर आहे, वर ऐसपैस गच्ची. बाजेवर जुनी चादर अंथरली आणि एकेक टोपी उन्हात मांडली. डांबरगोळ्यांचा वास, त्याच्याखाली खोबरेल तेलाचा, आणि त्याच्याही खाली माणसाचा. चौदा टोप्या निघाल्या. तीन माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या. बाकी अकरा दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. ते पुढच्या आठवड्यात भुसावळहून यायचेत. टोप्या इथेच राहतात, ते तेवढे ये-जा करतात.

उन्हात टोप्या उलथ्यापालथ्या करताना ती चार वर्षांपूर्वीची थंडी आठवली. खरं तर टोपी नसलेल्या दादांची थंडी.

दादा मालगाडीचे गार्ड होते. ड्यूटीवरची टोपी सरकारची, पण ड्यूटी संपली की त्यांची स्वतःची टोपी सुरू व्हायची. त्यांची टोपी कुठल्या पक्षाची नव्हती, पंथाची नव्हती, सणासुदीची तर नव्हतीच. निव्वळ हौस होती. काळी लोकरी, राखाडी, पुढे चोच असलेली चपटी, उन्हाळ्यासाठी वेताची हॅट. आमच्या गल्लीतले बाकी बाप उघड्या डोक्यानं भाजी आणायचे; माझे वडील भाजी आणायला निघाले की लग्नाला निघाल्यासारखे दिसायचे. शाळेत असताना मला याची फार लाज वाटायची. आता वाटतं, केवढा देखणा बाप होता माझा, आणि मी मैत्रिणींसमोर मान खाली घालून चालायचे.

पण दादांची टोपी दादा कधी निवडत नसत. ते खातं आईचं होतं. रोज सकाळी ती दारात जाऊन आभाळ बघायची, मग वळून दादांचा सदरा बघायची, आणि खुंटीवरची एक टोपी काढून पुढे करायची. "ही घ्या." बस. हीच का, असं दादांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. एकदा ती माहेरी जायच्या गडबडीत असताना दादा आपल्या मनानं तपकिरी टोपी घालून निघाले, अंगात राखाडी सदरा. आईनं खिडकीतून पाहिलं आणि मला दुसरी टोपी देऊन कोपऱ्यापर्यंत पिटाळलं. मी धापा टाकत पोचले. दादांनी भर रस्त्यात निमूटपणे टोपी बदलली आणि पुढे गेले. इतक्या वर्षांत त्या दोघांना एकमेकांशी गोड बोलताना मी ऐकलं नाही. भांडताना खूप ऐकलं. पण "ही घ्या" एक दिवस चुकलं नाही.

आई गेली ती होळीच्या चार दिवस आधी. तेराव्याला पाहुण्यांनी रीतीप्रमाणे दुखवट्याच्या टोप्या आणल्या, दादांनी त्या घडीसुद्धा न मोडता ट्रंकेत ठेवल्या. खुंट्यांवरच्या टोप्याही उतरवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ते दूध आणायला उघड्या डोक्यानं निघाले. त्यांचं डोकं इतकं गोरं असेल याची मला कल्पनाच नव्हती. उभ्या आयुष्यात ऊन न लागलेलं डोकं. मी म्हणाले, "दादा, टोपी?"

"राहू दे," ते म्हणाले.

त्यानंतर आठ महिने, मी समोर असो की फोनवर, प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर. जेवायला काय करू? राहू दे. डॉक्टरांकडे जाऊ या? राहू दे. आईचं नाव तर त्यांनी एकदाही काढलं नाही, आणि कोणी काढलं की उठून मागच्या अंगणात जात.

मी रेल्वेच्या कचेरीत लोकांच्या बदल्यांचे कागद तयार करते. एका दिवशी त्या गठ्ठ्यात माझाच कागद निघाला होता आणि आम्ही जयपूरला आलो होतो. दिवाळीला भुसावळला गेले तेव्हा दादांना सोबत घेऊनच परतले. ते तयार झाले, त्यांना "राहू दे" म्हणायचाही कंटाळा आला असावा. एक अट मात्र घातली, थंडी संपली की परत जायचं. भुसावळच्या उन्हाळ्यात भाजून निघालेला माणूस थंडी काढायला कुठे आला, तर जयपूरला! नातेवाइकांनी मला वेड्यातच काढलं.

महिनाभर दादा मागच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. गच्चीवर सोन्यासारखं ऊन, शेजारी बायका मुंगफली सोलत बसलेल्या, कोपऱ्यावर ताज्या गजकाचा, म्हणजे तीळ-गुळाच्या वड्यांचा, खमंग वास, आणि हे आत, भिंतीकडे बघत. माझी मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची होती. तिचं मराठी हिंदीच्या काठाकाठानं चालतं. ती त्यांना ओढायला जायची. "आजोबा, चला ना वरती. मतलब थोडी धूप तरी घ्या!" राहू दे. मी कचेरीतून घरी येताना रोज दारातच आधी त्या खुर्चीकडे बघायचे. स्पष्टच सांगते, मला भीती वाटायची. आई एकदम गेली, आणि दादा थोडे थोडे चाललेत असं वाटायचं.

मार्गशीर्षात त्यांचा कान ठणकू लागला. डॉक्टर म्हणाले, डोकं झाका, नाहीतर कानाचं दुखणं वाढेल. सुहास त्यांना घेऊन बाजारात गेला. जयपूरच्या बाजारात डोक्यावर घालायला काय मिळत नाही! पर्यटकांच्या फेल्ट हॅटांच्या चळती, काश्मिरी लोकरीच्या टोप्या, आरसे लावलेल्या, घोड्यावर बसायच्या नवरदेवांसाठी तयार बांधलेले साफे. सुहास सांगत होता, दादा प्रत्येक दुकानासमोर थांबले, पण हात कशालाच लावला नाही. शेवटी एका कापडवाल्याकडे गेले आणि साफ्याचं पांढरं कापड मागितलं. तरुणपणी ते लग्नांत फेटे बांधून द्यायचे, त्यामुळे बांधायचा प्रश्न नव्हता.

"काय अदब आहे गं इथल्या लोकांची," सुहास कौतुकानं म्हणाला. "पांढरं पाहिजे म्हटल्याबरोबर दुकानदार एकदम हळू आवाजात बोलायला लागला. हात जोडले. पायरीपर्यंत सोडायला आला. आपल्याकडे कोणी सोडेल का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा आंघोळ करून आरशाशिवायच फेटा बांधून बाहेर आले. शुभ्र पांढरा, घट्ट, शेमला पाठीवर. "बागेपर्यंत जाऊन येतो," म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा ते आपणहून घराबाहेर पडले होते. मी खिडकीतून त्यांना वळणापर्यंत पाहिलं आणि कढईतल्या पोह्यांत टपटप रडले. मग आनंदाच्या भरात बेसनाचे लाडू वळायला घेतले.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात शेखावतजी. आमच्या शेजारी राहणारे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, एरवी जिन्यातूनच मोठमोठ्यानं बोलत येणारे. आज ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यावर पांढरा साफा, मागे कॉलनीतले आणखी चार-पाच जण, कोणाच्या डोक्यावर पांढरं, कोणाच्या खाकी. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि बैठकीत जमिनीवर ओळीनं बसले. मागच्या दारानं बायका आल्या, पदर कपाळावर ओढून. मला वाटलं, कॉलनीची काहीतरी सभा आहे आणि आपल्या घरी ठेवलीय. मी हसतमुखानं लाडवांची ताटली पुढे केली. "लीजिए ना, गरम गरम हैं!"

शेखावतजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटली मागे घेतली.

"बाईसा," ते म्हणाले, "खबर तो करनी थी. दीवार से दीवार लगी है हमारी."

"किस बात की खबर?"

तेवढ्यात सईनं माझी बाही ओढून मला आत नेलं. "आई, आजोबांनी व्हाइट साफा घातला ना... इथे कोणी ऑफ झालं की तसा घालतात. माझ्या फ्रेंडच्या पापांनी घातला होता. सगळ्यांना वाटतंय आपल्या घरी कोणी गेलं."

मला दुकानदाराची अदब आता कळली! सुहास कपाळावर हात मारून भिंतीला टेकला. खोटं कशाला बोलू, मला हसू आवरेना. तोंडावर पदर दाबला, तर बायकांना वाटलं हुंदका आला. त्यातली एक माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग वाटलं, पुरे झालं, बाहेर जाऊन सांगून टाकू की बाबा रे, गैरसमज झालाय, आमच्याकडे पांढरा फेटा कधीही चालतो, उठा आणि लाडू खा. मी बैठकीत आले आणि त्याच क्षणी दादा बागेतून परत आले.

दाराशी ते थबकले. खाली बसलेली ओळ त्यांनी पाहिली. शेखावतजी उठून पुढे झाले, त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि विचारलं, "कौन चला गया, बाबूसा?"

"नहीं नहीं, वो तो..." मी सुरुवात केली.

"मेरी मिसेस," दादा म्हणाले. "आठ महिना हो गया."

माझं वाक्य तसंच राहिलं. दादा त्या ओळीत जाऊन मांडी घालून बसले आणि बोलायला लागले. मालगाडीच्या डब्यात बसून शिकलेलं त्यांचं हिंदी, निम्मं खानदेशी. पण ऐकणाऱ्यांत एकाचंही लक्ष ढळलं नाही. आईच्या हाताची शेवभाजी किती तिखट असायची. पालीला बघून ती कशी पलंगावर चढायची, आणि भाजीवालीशी मात्र कमरेला पदर खोचून भांडायची. गावाला निघालं की कोपऱ्यावरून परत फिरायची, गॅस बंद केला की नाही बघायला. त्यापायी दोनदा गाडी चुकली, तीही गार्डाची बायको असून. माणसं हसली. दादाही हसले. मग टोप्यांचं सांगितलं. आभाळ बघायची, सदरा बघायची, आणि काढून द्यायची.

"अब कौन देगा?" ते म्हणाले. "दुकान में इतना रंग देखा, मेरे को कुछ समझा नहीं. इसलिए सफेद लिया. सफेद में कुछ चुनना नहीं पड़ता."

मी लाडवांची ताटली धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आठ महिने मी त्यांना काय काय विचारत होते, आणि हे इतकंसं होतं. आता मला हसू येत नव्हतं. मी पाठ फिरवून पोटभर रडले, आणि मघाशी माझ्या पाठीवरून हात फिरवणारी बाई अजून तिथेच होती हे किती बरं झालं.

थोड्या वेळानं शेखावतजींनी विचारलं, "आठ महीने हो गए, और रंग किसी ने नहीं बदलवाया? ससुराल से कोई नहीं आया?" मग त्यांनीच समजावून सांगितलं. त्यांच्याकडे शोकाचे दिवस संपले की सासुरवाडीची माणसं रंगीत साफा आणतात आणि आपल्या हातानं बांधतात. पांढरं किती दिवस डोक्यावर ठेवायचं हे ज्याचं दुःख त्यानं ठरवायचं नसतं, ते दुसऱ्यांनी येऊन उतरवायचं असतं.

"ससुराल में कोई नहीं," दादा म्हणाले. "उसको भाई नहीं था. भाऊबीज को चांद को ओवाळती थी."

शेखावतजींना ओवाळणं कळलं नाही. दादांनी हातानं ताम्हण फिरवून दाखवलं. भाऊ नसलेल्या आमच्याकडच्या बायका चंद्राला भाऊ मानतात, हे मी सांगितलं. शेखावतजींनी डोक्यावरचा साफा सारखा केला. मग म्हणाले, "चांद तो साफा लेके आने से रहा. मैं आऊंगा. आज से बाई मेरी बहन हुई."

अशा रीतीनं वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दादांना मेहुणा मिळाला आणि पन्नाशीला टेकलेल्या मला मामा.

पुढच्या रविवारी आमच्या गच्चीवर ऊन असं पडलं होतं की पोळी ठेवली असती तर भाजली असती. शेखावतमामांनी पचरंगी साफा आणला होता. लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी, केशरी, सगळे रंग एका कापडात. नऊ मीटर कापड. त्याचं एक टोक मामांच्या हातात आणि दुसरं टोक सईच्या, ती जिन्याच्या पायऱ्या उतरत खाली स्वयंपाकघरापर्यंत गेली, तेव्हा कुठे ते ताठ झालं. दादांनी पांढरा फेटा उतरवून माझ्या हातात दिला आणि मान खाली केली. मामा पीळ देत होते, फिरवत होते, मध्येच "सई बेटा, ढीला छोड़" म्हणून ओरडत होते. मामींनी दादांच्या तोंडात गुळाचा खडा घातला. कोणी मंत्र म्हटला नाही, भाषण केलं नाही. मी आरसा पुढे धरला. दादांनी स्वतःला नीट न्याहाळलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून. आणि म्हणाले, "थोडा डावीकडं झुकता पाहिजे होता."

माझा हौशी बाप परत आला होता. त्या दिवशी मी अख्ख्या कॉलनीला लाडू वाटले आणि ते सगळ्यांनी खाल्ले.

मग काय विचारता! पौषात इथे देवळादेवळांतून गरम वडे आणि शिरा वाटतात, त्याच्या पंगतींना दादा आणि मामा जोडीनं जाऊ लागले. बसनं चौमूंच्या बाजाराला जायचे, फक्त डोकी बघायला. तिथे खेड्यांतून येणारे म्हातारे अजून रोजच्या वापराला पगडी घालतात, आपण चप्पल घालतो तितक्या सहज. उशी नसली तर पगडी उशाला, विहिरीवर दोर कमी पडला तर पगडी दोराला, आणि बाजारात पिशवी फाटली तर हरभऱ्याचे डहाळे पगडीच्या टोकात. घरी येऊन दादा हे सगळं सईला सांगायचे. सई म्हणायची, "आजोबा, तुम्ही तर पूर्ण रिसर्च करताय."

आणि त्यांनी टोप्या घ्यायला सुरुवात केली. पहिली गडद हिरवी फेल्ट हॅट, मग एक लोकरी, मग चौकड्यांची चपटी. खोलीत सुहासनं खुंट्यांची पट्टी ठोकून दिली. सकाळी दादा तिच्यासमोर उभे राहायचे, कधी पाच मिनिटं, कधी दहा. हात एका टोपीकडे जायचा, परत यायचा. दारातून बघताना माझ्या अगदी ओठांवर यायचं की पुढे व्हावं, एक काढावी आणि म्हणावं, ही घ्या. पण मी जीभ चावायचे. ते काम माझं नव्हतं. दादांनी निवडलेलं कधी कधी बघवत नसे. मरून स्वेटरवर हिरवी हॅट! सई तोंडावर म्हणायची, "आजोबा, क्लॅश होतंय."

"होऊ दे," दादा म्हणायचे, आणि फिरायला जायचे.

कॉलनीत साथ पसरली. आधी बँकेतले गुप्ताजी एक हॅट घेऊन आले, पण चार दिवस ती घरातल्या घरातच घातली. नवी टोपी घालून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या पुरुषाचा चेहरा बघण्यासारखा असतो. बायका नवी साडी नेसल्या की कोणी काही म्हणावं म्हणून वाट बघतात. पुरुष नवी टोपी घातली की कोणी काही म्हणेल का म्हणून घाबरतात. पुरुषांना नटायच्या जागाच किती! शर्ट, घड्याळ, फार तर बूट. डोकं मोकळंच. आणि त्या मोकळ्या जागेवर एक टोपी ठेवली की पोक काढून चालणारा माणूस ताठ चालू लागतो, कारण मान वाकली तर टोपी पडते. सुहास कंपनीत टोपी घालून गेला तेव्हा त्याला दिवसभर सगळे सर म्हणत होते, एरवी भैया म्हणतात. टोपी डोक्यावर नसताना कुठे ठेवायची हा मात्र पुरुषांना न सुटलेला प्रश्न आहे. देवळात गेले की ती हातात, मग नमस्काराला हात नाही, मग काखेत, मग प्रसाद सांडतो.

संक्रांतीला खातीपुऱ्याच्या गच्च्यांवर पतंगांइतक्याच टोप्या होत्या. वर बघून बघून सगळ्यांच्या माना दुखल्या. शेजारणींनी शेवयांसारखी गोड फिणी पाठवली, त्या बदल्यात मी तिळगूळ वाटला. त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे कानोत्याच्या बंधाऱ्यावर सहलीला गेलो. दाल, बाटी, चूरमा, आणि सात पुरुष सात टोप्यांत. पाण्यावरून असा वारा सुटला की सहा जणांचे हात डोक्यावर. एक दादांचाच हात मोकळा.

"टोपीला हात लावायचा नाही," ते सुहासला शिकवत होते. "मान जराशी वाऱ्याकडं वाकवायची. वारा वरून जातो."

सुहासनं मान वाकवली, वारा खालून आला, आणि त्याची नवी तपकिरी हॅट उडून थेट पाण्यात. ती बुडेना. ऐटीत तरंगत पार पलीकडच्या काठाच्या दिशेनं निघाली, एक बगळा तिच्यावर बसू की नको असा विचार करत तिच्याभोवती दोन वेळा फिरला. मामा हसता हसता जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई असती तर सुहासला सुनावून सुनावून जेवू दिलं नसतं, असं दादा आपणहून म्हणाले, आणि मग बाटी खाता खाता ती काय काय म्हणाली असती तेही सगळं सांगितलं, तिच्या आवाजात.

फाल्गुन लागला. संध्याकाळी कुठून कुठून चंग, म्हणजे होळीचे डफ, वाजायचे, ऊन टोचायला लागलं, लोकरीच्या टोप्या उतरल्या. थंडी संपली होती, आणि आईचं वर्षश्राद्ध आलं होतं. मी आणि दादा निघालो. मामाही निघाले, बहिणीच्या वर्षश्राद्धाला भाऊ नाही म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी स्वतःचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. मी मनातून धास्तावले होते. जयपूरला टोपी घालणं वेगळं, आणि त्या घरात, त्या रिकाम्या खुंट्यांसमोर जाणं वेगळं. तिथे पोचल्यावर दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले तर? रात्रभर गाडीत मी हाच विचार करत होते.

भुसावळच्या फलाटावर आत्या घ्यायला आली होती, दादांची धाकटी बहीण. दादा डब्यातून उतरले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, डोक्यावर ती गडद हिरवी फेल्ट हॅट. मामांची ओळख करून द्यायला मी तोंड उघडलं, पण आत्याचं लक्ष हॅटवरून हलेना. आजूबाजूला ओळखीचे चार चेहरे होते, तेही बघत होते. आत्या दादांच्या जवळ सरकली आणि दबल्या आवाजात म्हणाली, "भाऊ, उद्या वहिनीचं वर्षश्राद्ध आहे ना. अन् हे काय घालून आलास डोक्यावर? लोक काय म्हणतील?"

दादांनी पिशवी खाली ठेवली. हॅट काढतील असं मला वाटलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली, जराशी डावीकडे झुकती.

"अगं, पण उघड्या डोक्यानं गेलो तर ती ओळखेल का मला?"